तीन पिंपं, एक घड्याळ आणि समान बक्षीस: रोडिओतल्या बायकांचं एक प्रकरण

१९८० साली अमेरिकेतल्या जवळपास ६५० रोडिओ कमिट्यांच्या, म्हणजे गावोगाव काउबॉयांच्या घोडा-बैलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांच्या, हातात एक पत्र पडलं. पाठवणारी होती गर्ल्स रोडिओ असोसिएशन, म्हणजे बायकांची आणि बायकांनीच चालवलेली संघटना. मागणी एकच होती, बॅरल रेसिंगला, म्हणजे बायकांच्या पिंपांभोवतीच्या घोडदौडीला, पुरुषांच्या स्पर्धांइतकंच बक्षीस द्या. मुदत पाच वर्षांची. १९८५ पर्यंत ज्या रोडिओत हे झालं नसेल तिथे आमच्या मेंबर उतरणार नाहीत, एवढं स्पष्ट.

हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही, कारण खेळातल्या समानतेची गोष्ट सांगताना आपण नेहमी अशी सांगतो की अमुक बोर्डाने मोठ्या मनाने निर्णय घेतला आणि बायकांना समान पैसे मिळाले. इथे कुणाच्या मोठ्या मनाचा संबंधच नव्हता. इथे बायकांच्या हातात एक गोष्ट होती जी कमिट्यांना हवी होती, आणि ती अडवून धरायची ताकद त्यांनी त्याआधी बत्तीस वर्षं खपून कमावली होती. नाक दाबलं की तोंड उघडतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण नाकापर्यंत हात कसा पोचला हे कुणी सांगत नाही, म्हणून हे सगळं नीट लिहायचं ठरवलं.

आधी बॅरल रेसिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण रोडिओ म्हटलं की डोळ्यासमोर उधळलेला बैल आणि त्यावर आठ सेकंद तग धरणारा माणूस येतो. बॅरल रेसिंगमध्ये मैदानात तीन पिंपं त्रिकोणात उभी असतात, स्वार घोडा भरधाव आत आणते, तिन्ही पिंपांना एकेक वळसा घालते आणि आली तशी सुसाट बाहेर जाते. वरून बघितलं तर क्लोव्हरचं तीन पाकळ्यांचं पान दिसतं. स्टँडर्ड मापात पहिल्या दोन पिंपांत ९० फूट, तिथून तिसरं १०५ फुटांवर. पिंप पडलं की ५ सेकंदांचा दंड, म्हणजे खेळ खलास, कारण इथे हार-जीत सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरते. हेली किन्सेलने २०१७ साली लास वेगासच्या थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये, जिथे रोडिओची वर्षअखेरची फायनल होते, १३.११ सेकंदांची धाव मारली होती, आणि त्या मैदानावर १३.५ वालीलाही चांगलीच धाव म्हणतात, यावरून अंदाज घ्या. पाचशे किलोचं जनावर पूर्ण वेगात असताना पिंपाजवळ जवळजवळ बसल्यासारखं करून फिरवायचं आणि तरी गुडघा पिंपाला लागू द्यायचा नाही, ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एकदा सावकाश व्हिडिओ लावून बघावं.

पैसा येतो कुठून

घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं ते कळायला रोडिओतला पैशाचा हिशोब समजून घ्यावा लागतो. रोडिओत पगार नाही. टीम नाही, काँट्रॅक्ट नाही, बूड टेकायला क्लब नाही. घोडा लागत असेल तर स्पर्धक तो स्वतःच्या पैशाने पाळतो, ट्रक आणि ट्रेलर घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो, आणि वर प्रत्येक रोडिओला एन्ट्री फी भरतो. जिंकला तर पैसे, नाहीतर डिझेलचं बिल घेऊन पुढच्या गावाला.

बक्षिसाची रक्कम दोन भागांतून बनते. एक, त्या प्रकारातल्या सगळ्या स्पर्धकांची एन्ट्री फी. दोन, कमिटी स्वतः त्यात घालते ती रक्कम, जिला तिकडे ॲडेड मनी म्हणतात. भेदभाव सगळा या दुसऱ्या भागात होता. समजा एका रोडिओत कमिटीने बुल रायडिंगला दोन हजार डॉलर घातले आणि बॅरलला पाचशे, तर दोन्हीकडे सारखेच स्पर्धक आले आणि सारखीच फी भरली तरी बाईच्या हातात येणारा चेक लहानच राहणार, आणि गंमत अशी की बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की सगळे आपापल्या प्रकारात खेळतायत, यात अन्याय कुठेय. फी पदरमोड करून भरायची, तिकीट काढलेला प्रेक्षक त्याच शोमध्ये तुम्हाला बघणार, पण गेटवरच्या पैशातला वाटा मात्र तुमच्या मापाचा वेगळा. आणि घोड्याला लागणारा चारा, नाल, डॉक्टर यांत बाईचा घोडा म्हणून सवलत कुणी देत नाही. उलट बॅरलचा घोडा स्वतःचाच लागतो, बुल रायडरला निदान बैल घेऊन फिरावं लागत नाही.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे रोडिओची क्रमवारी गुणांवर नाही, डॉलरवर चालते. वर्षभरात किती कमावलंत त्यावर तुम्ही पहिल्या पंधरात येता की नाही आणि नॅशनल फायनल्स रोडिओला, म्हणजे एनएफआरला, जाता की नाही ते ठरतं. म्हणजे बक्षीस कमी असणं ही नुसती पैशाची गोष्ट नव्हती, तुमचं काम किती मोजलं जातं त्याचीच ती पट्टी होती.

आणि पैशाखेरीज माती. हा मुद्दा मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो आणि समानतेच्या चर्चेत तो कधी येतच नाही. बॅरलमध्ये प्रत्येक घोडा त्याच तीन ठिकाणी वळतो, दहा घोडे झाले की पिंपाभोवती चर पडतात, खालची कडक जमीन उघडी पडते, मग अकराव्या घोड्याचा पाय घसरला की वर्षभराची कमाई आणि कधीकधी घोडाच गेला. त्यामुळे ठराविक धावांनंतर ट्रॅक्टर फिरवून माती सारखी करून द्या, पिंपांच्या जागा मोजून पक्क्या करा, वेळ हातातल्या घड्याळाने नको तर इलेक्ट्रॉनिक डोळ्याने घ्या, या मागण्या बायकांना वेगळ्या मांडाव्या लागल्या. बघणाऱ्याला ट्रॅक्टरची पाच मिनिटं म्हणजे शोमधला अडथळा वाटतो, धावणारीसाठी तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

आधी बायका काय करायच्या

बॅरल रेसिंग हा बायकांचा खेळ हे समीकरण पहिल्यापासूनचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायका ब्रॉन्कवर, म्हणजे उसळणाऱ्या घोड्यावर, बसायच्या आणि लोक पैसे देऊन बघायचे. बर्था केपरनिक १९०४ साली वायोमिंगमधल्या चायेनच्या फ्रंटियर डेज या रोडिओत पावसाने चिखल झालेल्या मैदानात ब्रॉन्कवर बसली, पुरुष नको म्हणत असताना. फॉक्स हेस्टिंग्ज १९२० च्या दशकात धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर उडी मारून त्याला पाडायची. मेबल स्ट्रिकलंड रोपिंगही, म्हणजे फास टाकून जनावर धरणंही, करायची आणि ब्रॉन्कही. ही अपवादाची नावं नाहीत, मोठ्या रोडिओत बायकांचं ब्रॉन्क रायडिंग ही नेहमीची, पोस्टरवरची स्पर्धा होती.

मग सप्टेंबर १९२९. ओरेगनमधला पेंडलटन राउंडअप हा रोडिओ. बॉनी मॅकॅरोल, १९२२ साली चायेन आणि न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन दोन्हीकडे जिंकलेली, त्या वर्षानंतर थांबायचं ठरवून आलेली. घोडा उलटला, ती खाली सापडली, पाय रिकिबीत अडकलेला, घोडा उठून पुन्हा उसळायला लागला आणि ती त्याच्याबरोबर लोंबकळत आपटत राहिली. काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये ती गेली.

तिचा पाय अडकला त्यामागचं कारण वाचल्यावर मला राग आला होता, अजूनही येतो. बायकांच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधायची पद्धत होती. हेतू असा सांगायचे की रिकिबी हलत नाहीत, बाईला बसायला सोपं जातं. पण सुटायची वेळ आली की त्याच बांधलेल्या रिकिबी सापळा होतात, पुरुष मोकळ्या रिकिबीतून पाय काढून बाजूला उडी मारू शकतो, बाईला ते करता येत नाही. म्हणजे बाई नाजूक म्हणून दिलेली सोय तिच्या जिवावर उठली, आणि त्यातून धडा काय घेतला, तर रिकिबी सोडा असा नाही, बायकांना काढा असा. पेंडलटनने बायकांचं ब्रॉन्क रायडिंग बंद केलं. त्याच मैदानावर बायका पुन्हा स्पर्धक म्हणून उतरल्या त्या २००० साली, बॅरल रेसिंगमधून. एकाहत्तर वर्षं. त्या काळात पुरुषही मैदानात मेले, पण पुरुषांचं ब्रॉन्क रायडिंग बंद करा असं कुणी म्हटलं नाही.

तरी नुसत्या एका मृत्यूवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. त्याच १९२९ साली रोडिओ भरवणाऱ्यांची रोडिओ असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना उभी राहिली, तिने कुठल्या स्पर्धा अधिकृत, चॅम्पियन कसा ठरणार याची यादी केली, आणि त्या यादीत बायकांची एकही स्पर्धा नव्हती. माझ्या मते खरा घाव हा. अपघात लोक विसरले असते, पण यादीत नाव नसेल तर कमिटीला ती स्पर्धा ठेवायची गरज नाही, पैसे घालायची गरज नाही, आणि मंदीच्या काळात खर्च कापायचा म्हटला की पहिली कात्री तिथेच. १९३६ साली पुरुष स्पर्धकांनी स्वतःची संघटना काढली, आजच्या पीआरसीए या पुरुषांच्या प्रोफेशनल रोडिओ संघटनेची ती आजी, तिच्यातही बायकांच्या स्पर्धांचं कुणी बघत नव्हतं. १९४१ नंतर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येही बायकांचं ब्रॉन्क रायडिंग राहिलं नाही.

त्या रिकाम्या जागेत काय आलं ते बघा. टेक्सासमधल्या स्टॅमफर्डच्या काउबॉय रियुनियनने १९३१ पासून स्पॉन्सर गर्ल्स बोलवायला सुरुवात केली, गावोगावच्या व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या मुली, चांगल्या घोड्यावर, चांगल्या कपड्यात. त्यांना मार्क मिळायचे घोडा कसा आहे, पोशाख कसा आहे, बसते कशी याचे, आणि त्यातच पिंपांभोवती घोडा फिरवून दाखवायचा भाग होता. बॅरल रेसिंगचं मूळ इथे आहे. दहा वर्षांपूर्वी बाई बैल पाडत होती, आता तिच्या शर्टाला मार्क.

सॅन अँजेलो, १९४८

१९४७ साली ॲमरिलोमध्ये नॅन्सी बिनफर्ड आणि थेना मे फार या दोघींनी फक्त बायकांचा रोडिओ भरवला. ब्रॉन्क, रोपिंग, सगळं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमधल्याच सॅन अँजेलोच्या एका हॉटेलात ३८ बायका जमल्या आणि गर्ल्स रोडिओ असोसिएशन जन्माला आली. पहिली अध्यक्ष मार्गारेट मॉन्टगोमेरी. पहिल्या वर्षी ७४ मेंबर, ६० मान्य स्पर्धा, आणि वर्षभराचं एकूण बक्षीस २९,००० डॉलर. लक्षात घ्या की बायकांच्या गोल्फची एलपीजीए १९५० ची आणि टेनिसची डब्ल्यूटीए १९७३ ची. गुरं राखणाऱ्या घरांतल्या या बाया त्यांच्या आधीच्या.

त्यांनी काय केलं ते बोलायला अगदी कंटाळवाणं आहे. नियमपुस्तक केलं. कुठल्या रोडिओला मान्यता द्यायची आणि कुठल्याला नाही हे स्वतः ठरवलं. वर्षभराची कमाई मोजून क्रमवारी लावली, आपली वर्ल्ड चॅम्पियन आपणच जाहीर केली. आणि बॅरल रेसिंगमधून पोशाखाचे मार्क जाऊन निकाल फक्त घड्याळावर ठरायला लागला. पोशाखाचा आग्रह पूर्ण सुटला असं नाही, मैदानात रंगीत कपड्यात यायचं हा नियम त्यांच्या स्वतःच्याच पुस्तकात होता, आणि मला त्यात त्यांची मजबुरी दिसते, प्रेक्षक आणि कमिटी दोघांनाही सांभाळायचं होतं. पण निकालात कपड्याला जागा उरली नाही हा फरक साधा नाही. घड्याळाला कोण सुंदर, कोण कुणाची मुलगी, कोणाचं वय काय हे दिसत नाही. म्हणूनच या खेळात १९८४ साली १४ वर्षांची मुलगी वर्ल्ड चॅम्पियन होते आणि २०१६ साली मेरी बर्गर ६८ व्या वर्षी होते. दुसऱ्या कुठल्या प्रोफेशनल खेळात असं आहे मला सांगा.

१९५५ साली त्यांची अध्यक्ष जॅकी वर्दिंग्टन आणि पुरुषांच्या संघटनेचा अध्यक्ष बिल लिंडरमन यांनी करार केला, की पुरुषांच्या मान्य रोडिओत बायकांची स्पर्धा असेल तर ती गर्ल्स रोडिओ असोसिएशनच्या नियमांनी होईल. बारा वर्षांनी, १९६७ साली, बॅरल रेसिंग एनएफआरमध्ये आलं, जो पुरुषांसाठी १९५९ पासून चालू होता. हळूहळू कमिट्यांना कळलं की बॅरल रेसिंग प्रेक्षकांना आवडतं, बाया आल्या की कुटुंबं येतात, शो भरतो.

आता परत त्या पत्राकडे. १९८० मध्ये कमिटीसमोर पर्याय काय होते? बॅरल रेसिंग ठेवायचं आणि समान पैसे द्यायचे, किंवा बॅरल रेसिंग काढायचं, किंवा संघटनेबाहेरच्या बायकांना बोलवून स्वतःच शर्यत घ्यायची. तिसरा पर्याय वाटतो सोपा, पण चांगल्या सगळ्या स्वार संघटनेच्या मेंबर, आणि मान्यता नसलेल्या रोडिओत जिंकलेला डॉलर वर्ल्ड क्रमवारीत धरलाच जात नाही, मग एनएफआरचं स्वप्न बघणारी बाई तिथे येईल कशाला? हीच ती बत्तीस वर्षांची कमाई. नियमपुस्तक आणि क्रमवारी आपल्या हातात नसती तर तेच पत्र ६५० ठिकाणी केराच्या टोपलीत गेलं असतं. आणि यातली शहाणपणाची गोष्ट म्हणजे पाच वर्षांची मुदत. छोट्या गावच्या कमिट्या स्वयंसेवकांवर चालतात, त्यांना स्पॉन्सर शोधायला वेळ लागतो, उद्यापासून द्या म्हटलं असतं तर अर्ध्या ठिकाणी हो म्हणायची इच्छा असूनही जमलं नसतं. त्या काळात अध्यक्ष होती जिमी गिब्ज मन्रो, स्वतः १९७५ ची बॅरल रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियन, १९७८ ते १९९३ अशी सलग पंधरा वर्षं तिने संघटना चालवली. पत्र पाठवणं एक दिवसाचं काम आहे, पाच वर्षं त्याचा पाठपुरावा करायला एक माणूस तिथेच ठाण मांडून बसलेला लागतो.

१९८१ साली संघटनेचं नाव बदलून वुमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन झालं, गर्ल्स गेलं आणि प्रोफेशनल आलं. १९८५ उजाडेपर्यंत बहुतेक कमिट्यांनी समान ॲडेड मनी मान्य केला होता.

आणि मग आली शार्मेन जेम्स. न्यू मेक्सिकोतल्या क्लेटनची, स्कॅम्पर नावाचा घोडा, १,१०० डॉलरला घेतलेला. १९८४ ला १४ व्या वर्षी पहिलं वर्ल्ड टायटल, ते धरून १९९३ पर्यंत सलग दहा. १९८५ च्या एनएफआरमध्ये एका फेरीत आत शिरतानाच स्कॅम्परचा लगाम निसटला, तरी तिने तशीच तिन्ही पिंपं घेतली आणि ती फेरी जिंकली, हा किस्सा रोडिओवाले अजून सांगतात. पण मला त्याहून मोठी वाटते १९८७ ची गोष्ट. एनएफआरमध्ये पाठीवर जो नंबर लावतात तो वर्षभराच्या कमाईवरून मिळतो, सगळ्या प्रकारांतले सगळे स्पर्धक धरून ज्याची कमाई सगळ्यात जास्त त्याला १ नंबर. १९८७ साली तो १ नंबर शार्मेन जेम्सच्या पाठीवर होता. पहिल्यांदाच एका बाईच्या. मुदत संपून दोनच वर्षं झाली होती. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. तिचं कौशल्य आणि तो घोडा आधीही तेवढाच भारी असता, पण बॅरलला पुरुषांच्या पाव किंवा अर्धं बक्षीस असतं तर ती पुरुषांच्या कमाईच्या जवळही दिसली नसती, आणि लोक म्हणाले असते की बघा, बायकांचा खेळ तेवढ्याच लायकीचा. समान बक्षीस आधी आलं आणि समान लायकी नंतर दिसली, हा क्रम उलटा लावणाऱ्यांना मी हे वर्ष दाखवतो.

पण एनएफआरमध्ये मात्र, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पैसा आणि टीव्हीचे कॅमेरे असतात तिथे, समान बक्षीस यायला १९९८ उजाडलं. शार्मेनची सलग दहा टायटलं तोवर होऊन गेली होती. टेनिसमध्येही असंच झालं, बिली जीन किंगने दबाव आणल्यावर यूएस ओपनने १९७३ साली समान बक्षीस दिलं आणि विम्बल्डनने २००७ साली, चौतीस वर्षांनी. जुन्या मानाच्या जागांना वाटत असतं की आपल्याकडे यायचं सोडणारेय कोण. तिथे न जाणं बाईलाच महाग पडतं, म्हणून तिथे दबाव सगळ्यात उशिरा पोचतो.

समान आहे, पण कितीजणींना

आता ज्या भागावर माझं आणि बऱ्याच रोडिओप्रेमींचं जमत नाही तो. ते म्हणतात प्रश्न सुटला, समान पैसे मिळाले. मी म्हणतो एनएफआरचा मांडव मोजा. बेअरबॅक (बिनखोगिराचा ब्रॉन्क), सॅडल ब्रॉन्क (खोगीर घातलेला), बुल रायडिंग, स्टीअर रेसलिंग (बैल पाडणं), टाय-डाउन रोपिंग (वासरू फासात धरून बांधणं), प्रत्येकी १५ जण. टीम रोपिंगमध्ये दोन माणसांच्या १५ जोड्या, म्हणजे ३०. हे झाले १०५. आणि बॅरल रेसिंगच्या १५ बाया. एकूण १२०. म्हणजे प्रत्येक बाईला पुरुषाइतकाच चेक मिळाला तरी एकूण पैशातला बायकांचा वाटा आठातला एक. समानता एका दारापुरती आहे, बाकी दारं आहेत तिथेच आहेत. ऑल-अराउंड चॅम्पियन व्हायला दोन किंवा जास्त प्रकारांत कमावावं लागतं, हा रोडिओतला सगळ्यात मानाचा किताब, आणि ज्या बाईसाठी दारच एक आहे तिने दुसरा प्रकार आणायचा कुठून.

काहीजण म्हणतात मग बायकांनी बुल रायडिंग करावं की, कोण अडवतंय. केलंय. जॉनी जॉन्कोव्स्की बायकांच्या संघटनेची बुल रायडिंग चॅम्पियन होती, १९८६ आणि १९८८ ला. जॅन युरेन साठीपर्यंत बेअरबॅक ब्रॉन्कवर बसत होती. पण त्यांचा पैसा लहान, प्रेक्षक लहान, आणि शिकायला जागा नाही. मुलगा दहा वर्षांचा असताना वासरावर बसायला सुरुवात करतो, त्याला वरचे दहाजण दिसत असतात ज्यांच्यासारखं व्हायचं. मुलीला कोण दिसतं? १९२९ ची ती यादी अजूनही काम करतेय असं मला वाटतं, कागद गेला पण सवय राहिली.

ब्रेकअवे रोपिंगची गोष्ट म्हणूनच मी जवळून बघतोय. यात वासरू सुटतं, स्वार घोड्यावरून फास टाकते, दोरीचं दुसरं टोक खोगिराच्या हॉर्नला बारीक सुतळीने बांधलेलं असतं आणि त्याला कापड लावलेलं, फास बसला, घोडा थांबला आणि दोरी ताणली की सुतळी तुटते, तिथे घड्याळ थांबतं. दोन-अडीच सेकंदांचा खेळ. वासराला ठरलेलं अंतर मिळायच्या आधी घोडा निघाला तर १० सेकंदांचा दंड. हायस्कूल आणि कॉलेजच्या रोडिओत मुली हे कित्येक दशकं करतायत, स्कॉलरशिप मिळवतायत, आणि कॉलेज संपलं की काय? बॅरलचा घोडा असेल तर पुढे, नाहीतर दोरी खुंटीला. बायकांच्या संघटनेच्या स्वतःच्या रोपिंगच्या स्पर्धा होत्या पण त्यावर घर चालेल इतका पैसा नव्हता. मुलगा मात्र कॉलेजातून टाय-डाउन रोपिंग घेऊन सरळ प्रोफेशनल रोडिओत जात होता. म्हणजे टॅलेंट तयार करणारी शाळा चालू आणि पुढचा रस्ता बंद.

२०१९ ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये भरलेल्या द अमेरिकन रोडिओने ब्रेकअवे घेतलं, मॅडिसन आउथियर जिंकली, आणि त्यानंतर कमिट्या पटापट यायला लागल्या. २०२० साली पहिली नॅशनल फायनल्स ब्रेकअवे रोपिंग झाली. त्या वर्षी साथीमुळे एनएफआरच लास वेगास सोडून आर्लिंग्टनला आला होता, तिथेच ब्रेकअवेलाही जागा मिळाली, पण मुख्य शोच्या वेळेत नाही, वेगळ्या वेळी. त्या फायनलमधून ठरलेली पहिली वर्ल्ड चॅम्पियन जॅकी क्रॉफर्ड, आणि ती तेव्हा गरोदर होती, सहावा महिना. बॉनी मॅकॅरोलच्या वेळी बाईचं शरीर या खेळाला झेपत नाही असं म्हणून दार लावलं होतं, तिथे एक बाई पोटात बाळ घेऊन दहा फेऱ्या वासरं धरते आणि जिंकते. मी ते बघताना उभाच राहिलो होतो.

२०२१ पासून फायनल लास वेगासला गेली. थॉमस अँड मॅकमध्ये नाही, दुसऱ्या अरीनात, एनएफआर सुरू व्हायच्या आधी, दोन दिवसांत दहा फेऱ्या उरकून. एनएफआर दहा रात्री चालतो, एका रात्री एक फेरी, मध्ये घोड्याला आराम, रोज टीव्ही. ब्रेकअवेवाल्या मुली एका दिवसात पाच-पाच फेऱ्या करतात आणि पैसेही एनएफआरच्या फेरीच्या मानाने बरेच कमी. कारण म्हणून वेळ सांगतात, की शो आधीच लांब आहे. अडीच सेकंदांचा खेळ, पंधराजणी, वासरं भरणं धरून किती वेळ लागणार? वेळ हा खरा अडथळा आहे हे मला पटत नाही. बक्षिसाचा नवा हिस्सा काढायचा कुणाच्या ताटातून, हा अडथळा आहे, आणि तो निदान उघड बोलला तरी जावा.

१९८० च्या बॅरल रेसिंगच्या मानाने ब्रेकअवेकडे काय कमी आहे हे शोधलं तर मला एकच दिसतं. बॅरल रेसिंग १९८० पर्यंत शोचा अविभाज्य भाग झालं होतं, काढलं तर प्रेक्षक विचारणार होता की ते कुठे गेलं. ब्रेकअवेला मोठ्या रोडिओत येऊन जेमतेम काही वर्षं झालीत, त्यामुळे आम्ही येणार नाही या वाक्याला अजून तेवढं वजन नाही. ते वजन गावोगावच्या मैदानांत तयार होतंय, जिथे ब्रेकअवे आता रोजच्या शोमध्ये, मुख्य वेळेत, टाय-डाउनच्या आगेमागे होतं आणि लोक तिकीट काढून बघतात. ॲडेड मनी अजून सगळीकडे समान नाही, पण बॅरलच्या बाबतीत बायकांनी कमिटी कमिटीला जाऊन जे केलं तेच इथे चालू आहे, आणि संघटना तीच आहे, सॅन अँजेलोच्या हॉटेलातली.

थॉमस अँड मॅकमध्ये ब्रेकअवे आलं तर १२० चे १३५ होतील आणि त्यात बाया ३०. आठातला एक वाटा जाऊन नवातले दोन.